घोळ माशांचा ठाव

धक्क्यावर सगळे सासऱ्यांना 'कानवाले' म्हणायचे. वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचं, दांडा कानाला लावायचा आणि घोळ मासे कुठे कुरकुरतायत ते सांगायचं, ही त्यांची चाळीस वर्षांची विद्या. ते बोट दाखवतील तिकडे होड्या वळायच्या. मुलगा लांबच्या जहाजावर नोकरीला, म्हणून होडीचं सुकाणू सुनेच्या हाती.

नवं बंदर बांधायला घेतलं आणि समुद्रातून एकच आवाज यायला लागला. धप्प. धप्प. तळात खांब ठोकले जात होते. गाळ उपसून पाणी गढूळ झालेलं, त्यात ते वर्षागणिक कोमट होत चाललेलं. कामगार जेवायला बसले की ठोकणं थांबायचं. तेवढ्यात सासरे घाईघाईने दांडा कानाला लावायचे. खाली सामसूम.

"माझे कान गेले गं," एक दिवस ते म्हणाले आणि घरी बसले.

सुनेने त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत बसून, बारीकशी पिपाणी वाजली की ते बटण दाबत राहिले. एकही चुकली नाही.

"आजोबा, तुमचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत," डॉक्टर म्हणाल्या.

सून हसली. बाहेर पडताना सासरे जिन्यातच खाली बसले.

"बहिरा असतो तर बरं होतं. मासे आहेत, मलाच ऐकू येत नाही, असं म्हणता आलं असतं."

त्यानंतर तिसऱ्या पहाटे सुनेने होडीत दुप्पट डिझेल भरलं.

"बाबा, उठा. आज लांब जायचं."

धुक्यातून होडी निघाली. मागची धपधप भिंतीपलीकडच्या कुणाच्या काळजाच्या ठोक्यांसारखी मंद होत गेली, मग विरली. पाणी हिरवं झालं, निळं झालं. पुढे त्याला असा रंग आला की त्याला नाव काय द्यावं ते तिला सुचेना. तिने हात बुडवला. गार! तिने इंजिन बंद केलं.

"आधी तू ऐक," सासरे म्हणाले.

तिने वल्हं पाण्यात सोडून दांडा कानाला लावला. आधी तिला स्वतःच्याच रक्ताची सळसळ ऐकू आली. मग फार खालून, एखाद्या झोपलेल्या मोठ्या घरातली दारं एकामागून एक हलकेच उघडावीत तसं, कुर्र... कुर्र...

"बाबा! बोलतायत!"

त्यांनी दांडा घेतला आणि डोळे मिटले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तिने जाळ्याला हात घातला तशी त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"अंडी घालायला जमलेत. माहेर सुटलं बिचाऱ्यांचं, बाळंतपण तरी सुखाने होऊ दे."

धक्क्यावर सगळे वाट बघत होते. कानवाल्यांनी जागा सांगितली आणि वर बजावलं, "महिनाभर तिकडे फिरकायचं नाही. तोवर बारीक मासळीवर भागवू."

"बंदरवाले थांबतात का महिनाभर?" एक जण उसळला. "मग आपणच का?"

"त्यांना ऐकू येत नाही," सून म्हणाली. "आपल्याला येतं."

तो तरीही दुसऱ्या दिवशी गेला. दुपारी परतला तेव्हा जाळं कोरडं होतं.

"नाही मिळाले?" तिने विचारलं.

"मिळाले की. इंजिन बंद करून फळीला कान लावला. खाली नुसता घोळात घोळ!" तो ओशाळून हसला. "जाळं टाकायला हातच होईना, वहिनी."