चार बोटं आखूड

मामोलिसेने कापडाचं टोक उचललं, त्याला जीभ लावली आणि डोळे मिटून क्षणभर थांबली.

"कसं आहे?" मापित्सोने विचारलं.

"खारट आहे. अस्सल आहे."

"मग! सीमेपलीकडून आणवलंय. दुकानदार म्हणाला, बाई, चाखून बघा, बेचव निघालं तर परत आणा."

"दुकानदार काहीही म्हणतो. जीभ आपली असते."

मापित्सो ही तिची धाकटी जाऊ. मापित्सोचा मुलगा पित्सो येत्या शनिवारी नवरी घरी आणणार होता, आणि नवरीचा निळ्या शोएशोए कापडाचा पोशाख शिवायचा मान थोरल्या जावेचा. मान कसला, आमच्या हा-लेफाने गावात दुसरं कोणी शिवतच नाही. निम्म्या गावाच्या खाटांवर मामोलिसेच्या गोधड्या आहेत, शाळेच्या खिडक्यांना तिचे पडदे आहेत, आणि पाद्रीबाबा ज्या उशीवर बसून आम्हाला नरकाची भीती घालतात तिचा अभ्रासुद्धा तिच्याच हातचा आहे.

कापड दिलं, मापाच्या गाठी मारलेली दोरी दिली, चहा झाला, दुसरा चहाही झाला, तरी मापित्सो उठेना. एरवी ही बाई दारातूनच बोलून जाते.

"काय गं, अजून काही राहिलंय का?"

"मामोलिसे," मापित्सो कपात बघत म्हणाली.

"ऐकतेय. बोल."

"हाक नाही मारली, जाऊबाई. नाव सांगितलं. नवरीचं. ह्यांनी आणि वन्संनी मिळून ठरवलंय."

मामोलिसेने कापडाची घडी घातली. मग ती मोडून पुन्हा घातली.

आमच्याकडे सून घरात आली की तिला नाव मिळतं ते न जन्मलेल्या पोराचं. आधी आई होते, मग मूल. मामोलिसेच्या सासऱ्याचं नाव मोलिसे. थोरल्या लेबोनाची बायको म्हणून ती आली तेव्हा एकवीस वर्षांची होती, आणि त्याच दिवशी ती मामोलिसे, म्हणजे मोलिसेची आई, झाली. नाव आलं, मोलिसे आला नाही. दुसऱ्या वर्षी दिवस गेले, सातव्या महिन्यात सगळं संपलं, त्यानंतर काहीच नाही. लेबोना खाणीत कामाला होता, वर्षातून एकदा यायचा. मग खोकला घेऊन कायमचा आला आणि दोन हिवाळ्यांत गेला. उरलं ते नाव. एक्केचाळीस वर्षं सगळं गाव तिला न आलेल्या मुलाच्या नावाने हाक मारत होतं. सुरुवातीला ते टोचायचं. मग सवय झाली. आणि मग, खोटं कशाला बोला, ते तिला आवडायला लागलं. दिवसातून दहा वेळा कोणी ना कोणी त्याचं नाव घ्यायचं. ज्यांची पोरं जिवंत आहेत त्यांची नावं तरी इतक्यांदा कोण घेतं?

"म्हाताऱ्यांचं नाव बुडायला नको, एवढंच," मापित्सो म्हणाली. "माझ्या पित्सोच्या वेळी आम्ही ते घेतलं नाही. थोरल्या घराची वाट पाहिली. इतक्या वर्षांत कोणी हात लावला का त्या नावाला? तुम्हीच सांगा."

"नाही लावला."

"मनाला लावून घेऊ नका हं."

"नाही." मामोलिसेने दोरीच्या गाठी मोजल्या. "आणि मला काय म्हणणार?"

हा प्रश्न मापित्सोला सुचलाच नव्हता. तो तिच्या घरात कोणालाच सुचला नव्हता. "तुम्हाला? आजी म्हणतील की! सगळी पोरं म्हणतातच."

कोणाची आजी, असं मामोलिसेच्या ओठांवर आलं होतं. ती म्हणाली, "कप राहू दे तिथेच. मी धुईन."

मापित्सो गेल्यावर ती दारात उभी राहिली. बाहेर वारा सुटला होता, पीचच्या झाडांना गुलाबी फुलं आली होती आणि ती धुळीने माखली होती. तिला तिचं माहेरचं नाव आठवलं: न्थोफेला. नुसती एक वस्तू. आधीची दोन भावंडं दगावली म्हणून बापाने असं नाव ठेवलं होतं, म्हणजे मरणाची नजर तिच्यावर जाणार नाही. त्या नावाने हाक मारणारं आता कोणी हयात नव्हतं. तिने ते मोठ्याने म्हणून पाहिलं. अंगणातल्या कोंबडीने मान वर केली आणि पुन्हा दाणे टिपायला लागली.

मग मामोलिसेने जे केलं ते तिने चाळीस वर्षांत कधी केलं नव्हतं.

शोएशोए कापड कडक खळीचं असतं. ते आधी रात्रभर थंड पाण्यात भिजवायचं, खळ काढायची, वाळवायचं आणि मगच कात्री लावायची, कारण पाणी लागलं की ते आखडतं. ही गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही ठाऊक असते. मामोलिसेने कोपऱ्यातल्या घमेल्याकडे पाहिलं. पाणी तयार होतं. तिने ते कोरडं, करकरीत कापड तसंच टेबलावर पसरलं आणि बेतायला घेतलं.

पहिल्या धुण्यात पोशाख चार बोटं वर चढेल. नवी नवरी सासरच्या अंगणात उघड्या घोट्यांनी फिरेल आणि बायका तोंडावर हात धरून हसतील. माझं नाव घेता ना, घ्या. शिवणारीची अब्रू जाईल ती जाईल. अब्रू असली काय आणि नसली काय, तिला आता हाक तरी कोण मारणार होतं?

मात्र हातांना हा राग कोणी कळवला नव्हता. बाजूच्या शिवणींत त्यांनी नेहमीप्रमाणे दोन दोन बोटं कापड जास्तीचं सोडलं.

दोन दिवस हाताचं मशीन फिरत राहिलं. राग गोड लागेल असं तिला वाटलं होतं. तो सुंठीसारखा नुसताच घशाला लागत राहिला.

गुरुवारी दुपारी नवरी स्वतः पोशाख घालून बघायला आली. लिनेओ तिचं नाव. उंच, हाडकुळी पोरगी, बोलताना हात फार हलवणारी. शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यात चार वर्षं कामाला होती.

"म्हणजे तूही शिवणारीच," मामोलिसे म्हणाली.

"कसली शिवणारी! मी डावा खिसा शिवते. जीन्सचा. उजवा दुसरी शिवते."

"आणि अख्खी जीन्स?"

"ती नाही शिवली कधी. चार वर्षांत हजारो डावे खिसे शिवले असतील, पण चड्डीसुद्धा माझी म्हणावी अशी एक नाही." ती खळखळून हसली. मग तिने पोशाख अंगात घातला आणि हसायची थांबली. बाहीवरून, कमरेच्या चुण्यांवरून हात फिरवत राहिली. "हे सगळं तुम्ही एकटीने केलंत?"

"दुसरं कोण आहे इथे? सरळ उभी राहा."

"आई म्हणाली होती, कापड पाण्यातून काढलंय का ते विचार. मग तीच म्हणाली, मामोलिसेंना काय विचारायचं, उगाच त्यांचा अपमान."

मामोलिसेच्या तोंडात टाचण्या होत्या. बरं झालं. ती गुडघ्यांवर बसून घेर फिरवत राहिली.

"आणि मोलिसेदादा कुठे असतात? खाणीत?" वरून आवाज आला. "लग्नाला येणार ना ते?"

परगावच्या माणसाकडून ही चूक नेहमी होते. नाव ऐकलं की लोक मुलाची चौकशी करतात, तेवढी माणुसकी आहे अजून. अशा वेळी गावातलं कोणीतरी पाहुण्याला कोपराने ढोसतं आणि विषय बदलतो. आज खोलीत ढोसणारं कोणी नव्हतं. मामोलिसेने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या.

"नाही," ती म्हणाली. "त्याचं यायचं राहून गेलं."

लिनेओला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिचे हात एकदम खाली आले. "चुकलं माझं, आई."

"तुझं काय चुकलं? नाव ऐकून कोणालाही तसंच वाटतं."

पोरगी बाहीची कड चाचपत राहिली. मग हळूच म्हणाली, "मला काय नाव देणार, ठाऊक आहे तुम्हाला? सांगू नका, आधी सांगायचं नसतं. पण मला भीती वाटते. माझ्या मावशीला नाव दिलं, आणि पुढे सहा वर्षं लोक तिच्या तोंडाकडे बघून बोलायचेच नाहीत. पोटाकडे बघून बोलायचे. तुमच्याशी पण तसंच?"

चाळीस वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानेही नाही.

"तसंच," ती म्हणाली.

"मग तुम्ही काय करायचात?"

"मांडीवर गोधडी घेऊन शिवत बसायची. गोधडी मोठी असते. झाकायला बरी पडते."

लिनेओने खाली वाकून तिचा हात धरला आणि धरूनच ठेवला. तेवढ्यात बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला, तशी ती पोशाख उतरवून धावतच गेली.

पोशाख खुर्चीवर पडला होता. कापड अजून इतकं कडक होतं की आत कोणीतरी बसल्यासारखा त्याचा आकार राहिला होता. मामोलिसे त्याच्यासमोर बसून राहिली. शाळा सुटली, पोरं दारावरून आरडाओरडा करत गेली, तरी ती बसलेलीच होती. मग तिने घमेलं ओढलं, त्यात पाणी ओतलं आणि तो पुरा शिवून झालेला पोशाख त्यात बुडवला. पाणी निळं झालं. तिचे हात मनगटापर्यंत निळे झाले.

शुक्रवारी सकाळी वाऱ्याने पोशाख वाळला. तिने दोरी लावून पाहिली. बाजूच्या शिवणी सोडल्या तशी रुंदी पुरी पडली, हातांनी ठेवलेलं तिथे कामाला आलं. लांबी मात्र बरोबर चार बोटं आखूड. नवं कापड चिंधीभरही उरलं नव्हतं, आणि दुकान सीमेपलीकडे. खाली पट्ट्या लावायला निळं शोएशोए घरात एकाच ठिकाणी होतं.

तिने खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली. तळाशी एक लहान गोधडी होती, हातभर लांब, हातभर रुंद. सातवा महिना लागायच्या आधी शिवलेली. सासू म्हणाली होती, पहिल्या पोराची गोधडी आईच्या लग्नातल्या पोशाखाची करावी, म्हणजे त्याला घर ओळखीचं वाटतं. म्हणून तिने आपल्या लग्नाच्या पोशाखाचा घेर कापून ती केली होती. तिच्यावर कोणी निजलं नव्हतं. उन्हात घालायची म्हणून ती वर्षातून एकदा बाहेर यायची, आणि दोरीवर तिच्या दोन्ही बाजूंना चादरी वाळत घातलेल्या असायच्या, म्हणजे रस्त्यावरून कोणाला दिसू नये.

तिने ब्लेड घेतलं आणि उसवायला बसली. टाके लहान होते, बावीस वर्षांच्या डोळ्यांनी घातलेले. आताच्या डोळ्यांना ते सापडत नव्हते. ती बोटांनी शोधत होती. प्रत्येक ओळ सुटली की खाली बारीक भोकांची एक रेघ राहायची आणि दोरा दाबून बसला होता तिथे कापड अजून गडद निळं दिसायचं. मध्ये एकदा तिला रडू आलं. तिने ते येऊ दिलं, नाक पुसलं आणि पुढची ओळ धरली. दुपारपर्यंत गोधडीच्या पट्ट्या झाल्या होत्या. संध्याकाळपर्यंत त्या एकमेकींना जोडून पोशाखाच्या खाली एकाखाली एक तीन ओळींत लागल्या होत्या.

शनिवारी मेंढा कापला गेला, अंगणात पातेली चढली आणि घरातल्या बायकांनी नवरीला मधल्या खोलीत बसवलं. पोशाख चढवला, डोक्याला रुमाल बांधला, खांद्यावर कांबळं टाकून पिन लावली.

"ही खालची पट्टी जुनी कशी गं?" लेबोनाच्या बहिणीने विचारलं. घरातली सगळ्यांत म्हातारी तीच.

"कापड कमी पडलं."

"इतकं मोजून आणलेलं कमी कसं पडलं?"

"न भिजवता कापलं मी. चूक झाली."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मामोलिसे आणि चूक? म्हातारी वाकली, पट्टी दोन बोटांत धरून पाहिली आणि तशीच थांबली. एक्केचाळीस वर्षांपूर्वी ह्याच खोलीत तो पोशाख तिनेच मामोलिसेच्या अंगावर चढवला होता. मग तिने पट्टी हाताने नीट केली आणि ती सरळ झाली.

आता नाव सांगायचं राहिलं होतं. ते थोरल्या सुनेने सांगायचं असतं. मापित्सो जमिनीकडे बघत होती. मामोलिसेने नवरीच्या कांबळ्याची कड नीट केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आजपासून तू मामोलिसे."

लिनेओने झटकन मान वर केली. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण बायकांनी किलकाऱ्या सुरू केल्या आणि त्यात ते राहून गेलं.

किलकाऱ्या थांबतात न थांबतात तोच बाहेरून पित्सोच्या बापाची हाक आली. "मामोलिसे! पाणी हवंय, पाहुण्यांना हात धुवायचेत!"

जुन्या मामोलिसेने जमिनीला हात टेकला आणि ती अर्धी उठली. नवरी जागची हलली नाही. तिला ते नाव अजून आपलं वाटत नव्हतं. खोलीतल्या सगळ्या बायका भिंतीकडे, छपराकडे, आपापल्या बोटांकडे बघत राहिल्या.

ती पुन्हा खाली बसली. तिने पोरीला कोपराने हलकेच ढोसलं.

"ऊठ, बाळ. तुला बोलावतायत."

पोरगी उठली, तांब्या आणि घमेलं घेतलं आणि दारातून बाहेर गेली. पोशाख उंबऱ्यावरून गेला तो बरोबर घोट्याशी. बाहेर पुन्हा कोणीतरी मामोलिसे म्हणून हाक मारली, आणि एका कोवळ्या आवाजाने ओ दिली. आत न्थोफेला मांडीवर हात ठेवून बसली होती. बोटं अजून निळीच होती.