पुतळाबाईंचा धवला

“चादर सोड,” मी म्हणाले. “लाजतोस कशाला? चोरीचा माल नाही तो.”

गोटीरामने काउंटरवर ठेवलेल्या बोचक्याची गाठ सोडली. आतून त्याच्या घरचा डीव्हीडी प्लेयर निघाला. वाशीच्या त्या चकचकीत दुकानात तो अगदीच पाहुण्यासारखा दिसत होता. शौनक नावाचा तरुण विक्रेता आधी त्या यंत्राकडे आणि मग माझ्या नऊवारीकडे पाहू लागला.

“आजी, रिपेरिंग मागच्या गल्लीत आहे.”

“रिपेरिंग नाही. बर्नर घ्यायचा आहे. त्याचा संसार ज्याच्याशी व्हायचा, त्याला बरोबर आणलं आहे. पत्रिका जुळते का पाहू.”

गोटीरामने खाली मान घातली. हा माझा विद्यार्थी. नावड्याच्या शाळेत मी मुख्याध्यापिका असताना तो माझ्या हाताखालून गेला. तेव्हा पंचेचाळिशीचा झाला होता, लग्नांचे व्हिडिओ शूटिंग करायचा. पण माझ्यापुढे त्याचे हात अजून आपोआप पाठीमागे जातात. जाऊ देत. त्यात वावगे काही नाही.

ते २००३ साल होते. संगणकावरून कोऱ्या तबकडीवर चित्रपट उतरवून देणारी ही बर्नर यंत्रे आपल्यासारख्यांच्या आवाक्यात नुकतीच येऊ लागली होती. मात्र ती बनवणाऱ्या कंपन्यांत दोन तट पडलेले होते. एका तटाच्या तबकडीवर अधिकाचे चिन्ह, दुसऱ्या तटाच्या तबकडीवर उण्याचे. एकाचे यंत्र दुसऱ्याची तबकडी लिहीत नसे. दोन्ही लिहिणारे यंत्रही बाजारात आले होते, पण ते गोटीरामच्या ऐपतीबाहेरचे होते. त्यामुळे कोणता तरी एक तट धरणे भाग होते.

“प्लस घ्या, आजी,” शौनक म्हणाला. “फ्युचर प्लसचंच आहे. मायनस म्हणजे जुनी टेक्नॉलॉजी.”

“भविष्य मला सांगू नकोस, मी सत्तरी ओलांडली आहे. याच्या मुलीची हळद पुढच्या आठवड्यात आहे. त्या दिवशी काय चालेल, तेवढं सांग.”

“चालतं हो दोन्ही. नव्या प्लेयरमध्ये काय टेन्शन नाय.”

“आणि या जुन्यामध्ये?”

त्याने डोके खाजवले. गोटीराम माझ्या कानाशी वाकला. “बाई, सेक्टरातली बिल्डिंगवाली गिऱ्हाइकं पन प्लसच मागतात. त्यांच्याकडं कंपूटर, नवीन प्लेयर. पुढचा धंदा त्यांच्यावरच हाय.”

“असेल. आधी दोन्ही लावून बघू.”

शौनकने नाइलाजाने दोन्ही प्रकारच्या तबकड्यांवर दुकानातला नमुन्याचा धबधबा उतरवला. अधिकाची तबकडी आत गेली. यंत्र घरघरले, खोकले, पुन्हा घरघरले आणि पडद्यावर ‘नो डिस्क’ अशी अक्षरे उमटली. दुसऱ्या कंपनीची कोरी तबकडी घेऊन पाहिली, तेच उत्तर. मग उण्याची आत गेली. क्षणभर अंधार, आणि मग धबधबा धो धो कोसळू लागला.

“प्लेयरच नवा घ्या ना,” शौनक म्हणाला. “हा किती दिवस काढणार?”

“त्यांच्या गावात घरोघर असेच आहेत. सगळ्यांनी एकाच फेरीवाल्याकडून घेतलेले,” मी म्हणाले. “पंगतीत ज्याचे दात पडलेत, त्याच्या बेताने भात शिजवतात, बाळ. दात असलेल्यांना तो भात चालतोच. पण यंत्र याचं आहे आणि धंदाही याचा. गोटीराम, तू बोल.”

गोटीराम धबधब्याकडे पाहत राहिला. सेक्टरातली गिऱ्हाइके त्याच्या डोळ्यांपुढून जात असावीत.

“आय याच्यावरच बघनार ना,” तो शेवटी म्हणाला. “मायनस द्या.”

*

त्याची आई म्हणजे पुतळाबाई. नावडे गावातली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी मान धवलारणीचा: तीच धवला, म्हणजे विधीचे गाणे, गाते आणि गाता गाता विधीही चालवते. मांडवाची मेढ रोवण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक गोष्टीचे गाणे ठरलेले. कोणत्या घराचा कोणता कुलदेव, कोणाची पहिली बायको बाळंतपणात गेली आणि म्हणून धवल्यात तिचे नाव कोठे घ्यायचे, हे सारे पुतळाबाईंच्या मुखी. एक अक्षरही कागदावर नाही. शेते होती तोवर भात लावला, शेते गेल्यावर पनवेलच्या बाजारात भाजी विकली. पण मार्गशीर्ष लागला की भाजीची पाटी घरी आणि पुतळाबाई मांडवात.

माझ्या थोरल्याचे लग्न झाले, तेव्हा गोटीराम कॅमेरा घेऊन आला आणि ही त्याच्याबरोबर जेवायला आली. अक्षता पडल्या आणि साऱ्या बायका वरमाईभोवती, म्हणजे माझ्याभोवती, गोळा झाल्या. ही एकटी उठून नवरीच्या आईपाशी जाऊन बसली. नुसती बसून राहिली. त्या दिवसापासून मी तिला अहो म्हणते; आणि मी सहसा कोणाला अहो म्हणत नाही.

आदल्या वर्षी पुतळाबाईंच्या गळ्याचे ऑपरेशन झाले. जीव राहिला, आवाज गेला. उरला तो नुसता श्वास. जवळ वाकल्याशिवाय शब्द कळत नसे.

आम्ही पोचलो तेव्हा त्या ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या. शेजारी खुर्चीत त्यांचे धाकटे भाऊ हौसेराव मामा बसलेले. नमिता, म्हणजे गोटीरामची मुलगी, आजीच्या गुडघ्याला टेकून मेंदीचा कोन दाबत होती. गोटीरामने खोके उघडून एक कोरी तबकडी आईच्या हातात दिली. ती त्यांनी सुपातल्या तांदळासारखी उजेडात तिरकी धरून पाहिली.

मामांनी चष्मा चढवला. “यो काय? वजाबाकी?”

“तसली खूनच असते तिच्यावर, मामा.”

“आरं, लग्नाचं घर हाय का उठावन्याचं? लोक अधिक आनतात, तू उनं आनलंस! परत कर. शुभकार्याला उनं नाय चालाचं.”

गोटीरामने माझ्याकडे पाहिले. मी तोंड उघडणार, तोच पुतळाबाईंनी हात वर केला. त्यांनी भावाला जवळ वाकायची खूण केली. आम्ही सगळेच वाकलो.

“हौशा,” त्यांचा श्वास म्हणाला, “पोर देतो तवा घरातून येक कमीच होतंय ना? खून बरोबर हाय.”

नमिताने मेंदीचा कोन खाली ठेवला. मामा चष्मा पुसू लागले.

“पन,” पुतळाबाई पुढे म्हणाल्या, “माजा धवला यात गानार नाय.”

“आय, आता यंत्र घेतलंय ना!” गोटीराम जवळजवळ ओरडला. “जुन्या कॅसेटीना बुरशी धरलीय. सीडीत भराला गेलो तर मधीच कापाची पाळी येते, तू बोलतंस धवला मधी तोडाचा नाय. म्हनून तं मोठी तबकडी घेतली. आनकी काय करू?”

“बरं केलंस. ठेव जपून. पोरीना ऐकाला व्हईल.” त्या दम घ्यायला थांबल्या. “पन मांडवात नको. गाना वेगला, धवला वेगला. धवला हातामागून चालतो. हात तेलात हाय तं गला तेलात. हात हलदीत गेला तं गला हलदीत. तुजा डबा कोनाचा हात बगनार?”

गोटीरामने आईच्या हातातून तबकडी घेऊन सुपाशेजारी ठेवली.

“पडघ्याची धवलारीन हाय,” पुतळाबाई म्हणाल्या. “तिला सांगावा धाडा. चांगली गाते.”

“मी नाय लावून घेनार हळद,” नमिता म्हणाली. कॉलेजात शिकलेली मुलगी. पण रागावली की बोली थेट आजीची. “शेजारच्या उज्ज्वलाताईला तू गायलीस. आख्ख्या गावाच्या पोरींना गायलीस. आनि माना उसनी धवलारीन?”

“गला नाय गं माजा, बाय.”

“त्यात हाय.” तिने तबकडीकडे बोट दाखवले. “तुजाच हाय तो. माना तोच पायजे.”

पुतळाबाईंनी सूप उचलले आणि पुन्हा पाखडायला घेतले. तांदूळ उडत होते, पडत होते. अशा वेळी घरातल्या वडीलधाऱ्याने बोलायचे असते. त्या घरातली वडीलधारी तांदूळ पाखडत होती, म्हणून मी बोलले.

“पुतळाबाई, तबकडी होऊ द्या. लावायची की नाही, ते मांडवात तुम्ही ठरवा. मांडव तुमचा आहे. गोटीरामचा नाही, माझाही नाही.”

त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की सूप हलवण्याची, ते मला शेवटपर्यंत कळले नाही. पडघ्याला सांगावा मात्र गेला नाही.

*

गोटीरामने उज्ज्वलाच्या हळदीची कॅसेट निवडली. सर्वांत कमी बुरशी तिलाच होती. मी जुईनगरच्या माझ्या घरून मुद्दाम पाहायला गेले, कारण काम अर्धवट सोडण्याची त्याची शाळेपासूनची खोड मला ठाऊक होती. त्याने कापसाने कॅसेट पुसली, व्हीसीआरचे तोंड पुसले, देवाला नमस्कार केला आणि बटण दाबले. खोलीत आवाज भरला. जाडसर, थोडा नाकातला, कोठेही घाई नसलेला आवाज. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती, ती थांबली. गोटीराम पाठ फिरवून संगणकाशी काहीतरी करीत राहिला. काम पुरे झाले, तेव्हा त्याने तबकडीवर नाव घालायला पेन घेतले आणि बराच वेळ टोपण न काढता तसाच बसला.

*

हळदीच्या दिवशी अंगणात मांडव घातला होता. तळोज्याच्या कारखान्यांकडून येणाऱ्या वाऱ्याने आंब्याचे डहाळे हलत होते. टीव्ही ओट्यावर मांडलेला, त्याखाली तो प्लेयर. नमिता तांदळाच्या चौकावर मांडलेल्या पाटावर बसली. पुतळाबाई मांडवाच्या कडेला, भिंतीशी बसल्या होत्या, परक्या लग्नाला आल्यासारख्या. लाव म्हणाल्या नाहीत, लावू नको असेही म्हणाल्या नाहीत. गोटीरामने एकदा त्यांच्याकडे पाहिले, नमिताकडे पाहिले, आणि तबकडी आत ढकलून कॅमेरा खांद्यावर घेतला.

आवाज आला तशी साऱ्या मांडवाने मान वळवली. म्हाताऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पहिल्या सवाशिणीने तेलात आंब्याचे पान बुडवले. इथवर सारे ठीक होते.

मग नमिताच्या मामीच्या बांगड्या मुंडावळीत अडकल्या. ती सोडवू लागली. दुसरी मदतीला धावली. आवाज मात्र पुढे चालला होता. सवाशिणी तेलातच होत्या आणि धवला हळदीत पोचला. एकीने घाईने हळदीची वाटी उचलली, दुसरीने तिचा हात धरला. “आगो, तेल व्हऊ दे!” “गान्यात हलद आयली ना पन!” वाटी कलंडली. थोडी हळद पाटावर सांडली.

“गोट्या, गाना पुढं पलतंय!” हौसेराव मामा ओरडले. “बंद कर तो डबा!”

गोटीराम कॅमेऱ्यासकट जागच्या जागी थिजला. बंद करावे तर मुलीची हळद मुकी. चालू ठेवावे तर विधी मोडतो. नमिता समोर पाहत होती. तिच्या गालावरचे तेल आणि डोळ्यांतले पाणी एकत्र ओघळू लागले होते, आणि ते पुसायला तिला हात हलवता येत नव्हते. चौकावर बसलेल्या नवरीने हात हलवायचे नसतात.

मी उठणार होते. चार शब्द सुनावून सगळ्यांना जागेवर बसवणे मला जमते. पण भिंतीजवळ हालचाल झाली, आणि मी बसून राहिले.

पुतळाबाई उठल्या. ओट्यावर गेल्या. टीव्हीवर ठेवलेला प्लेयरचा रिमोट त्यांनी उचलला आणि अंगठा दाबला. त्यांचाच आवाज एका शब्दाच्या मध्यावर थांबला. पुन्हा दाबत दाबत तो मागे नेला, तेलापाशी, आणि तिथे थोपवून धरला. मग त्या रिमोट घेऊन खाली उतरल्या, बायकांतून वाट काढीत चौकाशी आल्या आणि नमिताच्या उजव्या हाताला, धवलारणीच्या जागेवर, एक गुडघा उभा करून बसल्या. मामीला हाताने खूण केली: सावकाश.

मामीने बांगडी सोडवली. पान तेलात बुडवले. पान नमिताच्या कपाळाला टेकताच अंगठा दाबला गेला आणि आवाज चालू झाला. दुसरी सवाशीण पुढे येईपर्यंत थांबला. ती वाकली, आणि चालू झाला. आता कोणी घाई करीत नव्हते. बायका पुतळाबाईंच्या तोंडाकडे पाहत होत्या, पुतळाबाई बायकांच्या हातांकडे. आवाज सुरू असताना त्यांचे ओठ त्याच्याबरोबर हलत. तो थांबला की तेही मिटत.

तेल संपले. मामीने हळदीत बोटे बुडवली आणि नमिताच्या डाव्या गालावरून सावकाश फिरवली. मग ती वाटीकडे वळली, उजव्या गालासाठी. पुतळाबाई गुडघ्यावर हात ठेवून मामीच्या बोटांवर नजर लावून बसल्या होत्या, आणि त्यांच्या अंगठ्याखाली त्यांचा धवला थांबून राहिला होता.