मरळींचा डबा

कोंबड्यांच्या खुराड्याजवळचा जो गंजका डबा तुम्ही आत्ता पायाने बाजूला सारलात, मित्रांनो, तो मीच. रागावलो नाही. रागवायला अंगात दम लागतो, आणि माझ्या बुडाला आता तीन भोकं आहेत. सकाळी पाणी भरलं तर दुपारपर्यंत अर्धं मातीत जातं. तरी बसा घटकाभर. या गावातून समुद्रापर्यंत जाऊन आलेले आम्ही तिघेच, आणि त्यातला एक मी आहे.

तसा मी करडईच्या तेलाचा डबा. तेल संपल्यावर अंबडच्या बाजारात पत्र्याचं काम करणाऱ्या एका चाचांच्या हाती लागलो. त्यांनी माझं तोंड कापून मोठं केलं, काठ दुमडले, वर लाकडी मूठ बसवली आणि झाकणाला खिळ्याने बारीक भोकं पाडली. एवढी मेहनत करून वर भोकं कशाला पाडतात बुवा, असं मला वाटलं. गिऱ्हाईक आलं तेव्हा उलगडा झाला.

गिऱ्हाईक म्हणजे पुंजाराम. गोदावरीकाठच्या आमच्या गावातल्या बौद्ध वस्तीतला माणूस. दिवसभर दुसऱ्याच्या रानात मजुरी आणि हात मोकळे झाले की नदी. बारक्या मासळीत त्याला गोडी नव्हती. डोहातला शिवडा नाहीतर हातभर लांब वाम गळाला लावायची आणि तिच्याशी झुंजायचं, हा त्याचा नाद. असली दांडगी मासळी मेलेल्या आमिषाकडे ढुंकूनही बघत नाही. तिच्यापुढे वळवळणारा जीव लागतो. म्हणून पुंजाराम बोटाएवढ्या मरळी धरायचा, आणि गळाला लावेपर्यंत त्या जिवंत ठेवायचं काम माझं. काम काही पुण्याचं नव्हतं. पण डब्याला कोण विचारतो?

त्याची शिस्त मात्र कडक होती. मासळीला ओल्या हातानेच शिवायचं. डबा सावलीत ठेवायचा. आणि थोड्या थोड्या वेळाने अर्धं पाणी काढून अर्धं ताजं घालायचं. सगळं कधीच नाही, कारण आमच्या भागात पाणी ओतून द्यायला कुणाचा हात धजत नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी रस्त्याच्या कामावर होतो, खडी फोडणाऱ्या बायांना पाणी पाजायला. पुंजारामची बायको गिरिजाबाई माझ्या तळातला शेवटचा घोटसुद्धा वाटीने निपटून काढायची. त्या वर्षी लोकांनी माझं फार कौतुक केलं. ते कौतुक पाण्याचं होतं, एवढं मलाही कळत होतं.

या दोघांची एकच लेक, बेबीनंदा. वस्तीतली पहिली मास्तरीण. चौऱ्याहत्तर साली तिला नेमणुकीचा हुकूम आला तो थेट कोकणातला, रत्नागिरीच्या बाजूला खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका गावाचा. अख्खी वस्ती गाडीपर्यंत पोचवायला गेली होती. बेबीनंदा शिकली म्हणून वस्तीतल्या आणखी पाच पोरींची नावं शाळेत टिकून होती. ती नोकरी एकट्या पुंजारामच्या घरची नव्हती, सगळ्यांची होती.

सात महिन्यांनी तिचं पत्र आलं. पुंजारामला वाचता येत नव्हतं. शेजारच्या धर्मराजने ओट्यावर बसून वाचून दाखवलं. तिने लिहिलं होतं, की इथं खोली मागायला गेलं की आधी आडनाव विचारतात, आणि मग खोली रिकामी नसते. मी शाळेच्या सामानाच्या खोलीत राहते. माझ्या बोलण्याला पोरं हसतात. ‘करून राह्यले’ म्हटलं की सगळा वर्ग मागून तेच म्हणतो. राजीनामा लिहून ठेवलाय, बाबांनी येऊन मला घेऊन जावं. आणि अगदी खाली, बापाला बरं वाटावं म्हणून असेल, दोन ओळी होत्या. शाळेमागच्या काळ्या कातळावर उभी राहून माणसं जिवंत मासळी गळाला लावतात आणि पुरुषभर लांबीचा मासा ओढतात.

गिरिजाबाईने पदर तोंडाला लावला. पुंजारामने पत्र घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाला, “मी जातो. दांडगा मासा धरतो अन् तिच्या नावानं घरोघर वाटतो. गावाला कळू दे, बाई कुणाची लेक हाय ते.”

आता हा विचार शहाणपणाचा होता का, हे मी कसं सांगू? माणसाला जे येतं तेच तो घेऊन जातो. पुंजारामला बोलता येत नव्हतं, मासे धरता येत होते.

दुसऱ्या दिवशी त्याने डोहातून अकरा मरळी धरून माझ्यात सोडल्या. धर्मराज म्हणाला, तिकडचं पाणी खारं असतं म्हणे. पुंजारामने हात झटकला. आपल्या विहिरीचं पाणी काय गोड आहे का, उन्हाळ्यात मचूळ होतं, त्यात मरळ मरते का? गोदेची मरळ मरायचं नाव घेत नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

तो प्रवास मी विसरणार नाही. अंबड, औरंगाबाद, पुणे आणि पुढे ती घाटाची गाडी. पुंजाराम मला पायांत धरून बसला होता. प्रत्येक स्टँडवर उतरून नळ शोधायचा, अर्धं पाणी काढायचा, अर्धं भरायचा. एका कंडक्टरने डबा टपावर ठेवायला सांगितलं. तर हा पठ्ठ्या म्हणाला, मंग मलाबी टपावरच बसवा. घाटात माझ्यातलं पाणी शेजारच्याच्या धोतरावर सांडलं आणि आम्ही दोघांनी यथेच्छ बोलणी खाल्ली. दोन दिवस त्याने डोळ्याला डोळा लावला नाही. पण पोचलो तेव्हा अकराच्या अकरा मरळी जिवंत होत्या. तो सारखा झाकण उघडून मोजायचा आणि दमलेल्या तोंडाने हसायचा.

बेबीनंदाने गाठोडं बांधूनच ठेवलं होतं. बापाला पाहून ती रडली नाही, नुसती त्याच्या खांद्याला टेकली. पुंजाराम म्हणाला, जाऊ, पण आधी मासा. तिच्यात वाद घालायचीही ताकद उरली नव्हती. सकाळी भरतीच्या वेळी ती आमच्याबरोबर कातळावर आली. सुट्टीचा दिवस होता. तिच्या वर्गातली पोरं लांबून बघत उभी होती, आणि एक म्हातारा खारवी आपलं जाळं झटकत बसला होता.

मित्रांनो, पुंजारामने समुद्र तेव्हा पहिल्यांदा पाहिला. जन्मभर घोटाघोटाने पाणी वापरलेला माणूस तो. समोर ते एवढं अफाट पाणी, कुणाच्या मालकीचं नाही, कुणी अडवत नाही. त्याला भरून आलं. तो मरळींना म्हणाला, घ्या पोरींनो, आज पोटभर घ्या. आणि त्याने माझ्यातलं सगळं जुनं पाणी खडकावर ओतलं, मरळी हाताने अडवून धरल्या आणि मला काठोकाठ समुद्राने भरलं.

पुढचं सांगायला मला नको वाटतं. आधी त्या वेड्यासारख्या माझ्या पत्र्यावर आपटल्या. अंगाला पांढरा बुळबुळीत थर सुटला. मग एकेक करून उलट्या झाल्या. पुंजाराम गोंधळला. त्याला वाटलं पाणी शिळं झालं, म्हणून त्याने पुन्हा ओतलं आणि पुन्हा ताजं खारं भरलं. जितकी काळजी घेत होता तितका मारत होता. मी सगळं पाहत होतो, आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं. शेवटची मरळ तरंगली तेव्हा पोरं खदखदून हसली.

म्हातारा खारवी उठून जवळ आला. तो हसला नाही. “गोड्या पाण्यातली मासळी ती, पाव्हणं,” तो म्हणाला. “एकदम खाऱ्यात टाकलीत तर जगेल कशी?”

पुंजाराम मला मांडीवर घेऊन तिथंच बसला आणि लेकरासारखा रडला. दोन दिवस जगवलं आणि पोचल्यावर मारलं, एवढंच तो म्हणत राहिला. बापाला रडताना बेबीनंदाने कधी पाहिलं नव्हतं. ती ताडकन उठली. मेलेल्या मरळी तिने स्वतः समुद्रात सोडल्या, मला हातात घेतलं आणि हसणाऱ्या पोरांपुढे जाऊन उभी राहिली. वर्गात तिचा आवाज कधी एवढा चढला नव्हता. इथली जिवंत मासळी कुठं मिळते, दाखवा, म्हणाली. पोरं एकमेकांना ढकलत पुढे झाली. मग सगळीच्या सगळी खाडीच्या उथळ पाण्यात उतरली आणि तासाभरात माझ्यात सात बोया आणून टाकल्या. चांदीच्या रंगाची, त्याच पाण्यातली मासळी ती. खाऱ्यात मजेत फिरत होती.

पुंजारामने डोळे पुसले, हात ओला केला आणि एका बोयीच्या पाठीत गळ असा नाजूक अडकवला, की तिला पोहता यावं. तंगूसाचा दोर फेकला. दोन बोया लाटांनीच खाल्ल्या. तिसरी पडली आणि थोड्या वेळात दोर असा ओढला गेला, की पुंजारामचा पाय कातळावरून घसरला. पाण्याबाहेर जिताडा उसळला. पोरं म्हणतात पोराएवढा होता. मला डब्याला जेवढं दिसलं त्यावरून सांगतो, पोरं काही खोटं नाही म्हणत.

नदीचा मासा थोडा वेळ भांडतो आणि मग दमतो. हा दमतच नव्हता. जवळ ओढावं की पुन्हा खोल पाण्यात जायचा. पुंजारामचे तळहात चिरले. तेव्हा बेबीनंदाने पदर खोचला आणि मागून दोर धरला. पोरं ओरडत होती, बाई, सैल सोडा, बाई, आता ओढा. तिने ओरडून सांगितलं, “धरून राह्यले, धरून राह्यले मी!” आणि मागून सगळी पोरं ओरडली, धरून राह्यलोय बाई, धरून राह्यलोय. या वेळी कुणी हसत नव्हतं. सगळ्यांचे हात दोराला होते.

आणि दोर तुटला. कातळाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांची धार लागली. सगळे एकमेकांवर पडले. जिताडा गेला, गळासकट गेला. वाटायला काही उरलं नाही.

संध्याकाळी एका मुलीची आई हळद आणि खोबरेल घेऊन शाळेत आली, बाईंच्या हाताला लावायला. उंबऱ्याच्या बाहेरच बसली, आत आली नाही. पण बसली, आणि दिवेलागण होईपर्यंत बसली. बेबीनंदाला गावात खोली त्यानंतरही वर्षभर मिळाली नाही, हेही सांगतो. एका माशाने गाव बदलत नसतं, आणि तो मासा तर हातीसुद्धा लागला नव्हता.

सकाळी पुंजारामने गाठोडं उचललं. त्याला पोरीला थांब म्हणायचं होतं, त्याच्यासाठीच तो आला होता. पण म्हणाला भलतंच. “चल बेबे, घरी. माझंच चुकलं. त्या मरळींसारखं तुला एकदम इथं आणून टाकलं.”

बेबीनंदाने त्याच्या हातातून गाठोडं काढून घेतलं. “बाबा, मरळीला सांगता येत न्हाई. मला येतं. मी सांगितलं अन् तुम्ही आले. बस, तेवढंच पाहिजे होतं. आता तुम्ही जा.” तिने राजीनाम्याचा कागद बापासमोर फाडला वगैरे नाही. आपल्या पेटीत तळाशी ठेवून दिला. लागला तर असू दे, म्हणाली.

परत निघताना पुंजाराम एकटाच कातळावर गेला आणि मला पुन्हा समुद्राने भरलं. तोंडाला फडकं बांधलं. या वेळी आत मासळी नव्हती. दोन दिवस, सगळ्या गाड्या बदलत, त्याने ते पाणी मांडीवर धरून आणलं. गिरिजाबाईला समुद्र कधी दिसायचा नव्हता, म्हणून.

माझा घात झाला तो तिथं. खारं पाणी पत्र्याला खातं. पोचल्यावर ते ओतून मला गोड्या पाण्याने विसळलं असतं तर मी आज धडधाकट असतो. पण गिरिजाबाईने आठ दिवस ते पाणी सांडू दिलं नाही. पुढे डांबर लावून माझी भोकं बुजवली, तेही सुटलं, काही दिवस माझ्यात कडबा कुट्टी ठेवली, मग मी मागच्या दारी आलो. पाच वर्षं झाली. तक्रार नाही. फार थकलोय, एवढंच. जाता जाता सांगतो, लोखंड-पत्र्याची वस्तू खाऱ्यात वापरली तर धुवून, पुसून ठेवत जा. तिला बोलता येत नाही.

पण मला खरं सांगायचं आहे ते आम्ही घरी पोचलो त्या दुपारचं. गिरिजाबाईने पाण्याचा तांब्याही पुढे केला नाही. आधी विचारलं, पोरगी कुठं आहे? पुंजाराम म्हणाला, राह्यली तिथंच. मग त्याने फडकं सोडलं आणि मला तिच्यापुढे ठेवलं. तिने बराच वेळ आत पाहिलं. बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि तिचं तोंड वाकडं झालं.

“एवढ्या खाऱ्यात राहती माझी पोर?” ती म्हणाली, आणि त्याच दुपारी धर्मराजला बोलावून तिने आयुष्यातलं पहिलं पत्र लिहायला सांगितलं.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी लांब गेलं असेल, तर त्याला नुसतं बरं आहे ना म्हणून विचारू नका. तिथलं पाणी कसं आहे, ते विचारा. आणि त्याने सांगितलं, तर जा.