रोज रिकामा येणारा डबा

मी तीन पुडांचा स्टीलचा डबा बोलतोय. माझ्या झाकणाला एक पोचा आहे आणि अंगावर नाव कोरलेलं आहे : सौ. सुगंधा दत्ताराम मयेकर. नाव बाईंचं असलं तरी गुन्हा माझा आहे, आणि तोच सांगायला मी बसलोय. चौदा महिने रोज संध्याकाळी मी एक खोटं घरी नेऊन पोचवलं. तेही तोंड न उघडता.

माझा जन्म साकीनाक्याच्या एका गाळ्यात झाला. पत्र्याची चकती प्रेसखाली जायची आणि वाटी होऊन बाहेर यायची. मला घडवणारे हात दत्ताराम मयेकरांचे. संपात गिरणीची नोकरी गेली, तेव्हा वीस वर्षं साचे सांभाळलेला हा माणूस भांड्यांच्या कारखान्यात प्रेसवर उभा राहिला. त्र्याऐंशीच्या दिवाळीला मालकाने प्रत्येक कामगाराला एक डबा दिला. दत्तारामांनी ढिगातून आपल्याच हातचा मला उचलला, घाटकोपरच्या बाजारात नाव घालून घेतलं आणि असल्फ्याच्या चाळीत घरी आणलं.

"बाबा, डबा तुमचा आणि नाव आईचं?" मुलीने, क्षमाने, विचारलं होतं. ती तेव्हा कॉलेजात नुकतीच गेली होती.

"तिना भरल्यान नाय, तर ह्या डब्याक कोण इचारता?" ते हसून म्हणाले.

असं बोलणारा माणूस होता तो. म्हणून जास्त लागतं.

दत्ताराम सकाळी आठला निघायचे. अकराच्या सुमाराला शेवंतीमावशी चाळीतले आठ-दहा डबे टोपलीत घालून गाळ्यांवर पोचवायची. संध्याकाळी दत्ताराम मला पिशवीतून घरी आणायचे. सुगंधाबाई पिशवी हातात घेऊन आधी वजन बघायच्या. हलकी लागली की चेहरा खुलायचा. दीड वर्ष त्यात काही खोट नव्हती.

मग एकदा दत्तारामांचं बोट पत्र्याने कापलं. टाके घालायला ते डॉक्टरीणबाईंकडे गेले, मी पिशवीत होतो. बाईंनी टाके घातले आणि सहज दंडाला पट्टा बांधला. पारा वर चढला. त्यांनी पुन्हा मोजलं, दहा मिनिटं बसवून आणखी एकदा मोजलं.

"एकशे नव्वद. खालचं एकशे सोळा. डोकं दुखतं का हो?"

"सकाळी उठल्यावर जरा मागे, मानेपाशी. बाम लावला की जातं."

"चक्कर? दम लागतो? नाकातून रक्त?"

"उन्हाळ्यात एकदा आलं होतं. उष्णतेनं. कांदा हुंगला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मयेकर, हे रक्तदाबाचं दुखणं फार गुपचूप असतं. पुष्कळांना तर काहीच होत नाही. नळाला बाहेरून तडा दिसत नाही, पण आत पाण्याचा जोर वाढलेला असतो, तसं समजा. मेंदू, हृदय, मूत्रपिंड, डोळे, कुठेही फुटू शकतं. बरं वाटलं म्हणून गोळी सोडायची नाही. मीठ कमी. लोणचं, पापड, सुकी मासळी बंद. तंबाखूही."

"म्हणजे उरलं काय?" ते म्हणाले. बाई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून माझ्यात अळणी जेवण यायला लागलं. खालच्या पुडात भाजी, मधल्यात पोळ्या, वरच्यात थोडा भात आणि कागदाच्या पुडीत एक गोळी. क्षमा ती पुडी रोज स्वतः बांधायची. वर बजावायची, "जेवणाबरोबर घ्यायची बाबा, विसरायचं नाही."

पहिले चार दिवस त्यांनी कसंबसं गिळलं. पाचव्या दिवशी बाकावर शेजारी बसणाऱ्या कुंडलिकने माझ्यात डोकावून पाहिलं. कुंडलिक सातारा भागातला. त्याच्या पोटात अल्सर होता आणि त्याच्या बायकोला, राधाला, ठेच्याशिवाय स्वयंपाक ठाऊक नव्हता.

"दत्ता, ही भाजी मला दे की लेका. माझ्या आतड्याला बरी पडंल."

"आणि मी काय खाऊ?"

"माझं खा. आज सुकट हाय."

झाली अदलाबदल. दोघंही खूश. कुंडलिकच्या पोटाची आग खरोखर थांबली, आणि दत्ताराम बोटं चाटत म्हणाले, "झकास!" गोळीची पुडी खिशात गेली. "डोकं दुखलं की घेईन," ते म्हणाले. कुणाच्या मनात पाप नव्हतं. मित्राने मित्राचा डबा खाल्ला, एवढंच.

पण संध्याकाळी मी रिकामा घरी गेलो. सुगंधाबाईंनी पिशवी हातात घेतली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"संपवल्यान गो सगळा," त्या क्षमाला म्हणाल्या.

मला ओरडावंसं वाटलं. पण डब्याला एकच भाषा येते : भरलेला किंवा रिकामा. माझ्या त्या भाषेत मी सरळ खोटं बोललो.

काही महिन्यांनी प्रेसवर काम करता करता दत्तारामांना चक्कर आली. धोंडू नावाचा पॉलिशवाला धावत आला. "बीपी लो झालं, लो झालं! मीठ-साखरेचं पाणी द्या. टीव्हीवर सांगतात ना!"

"अरे, ते जुलाबावर," कुणीतरी म्हणालं.

"एकच ते!"

माझंच झाकण काढलं, त्यात पाणी ओतलं, मीठ चांगलं चमचाभर टाकलं. दत्ताराम ते प्यायले, पाच मिनिटं बसले आणि त्यांना बरं वाटलं. बसल्यामुळे वाटलं असेल. पण ते उठले आणि जिंकल्यासारखे म्हणाले, "बघितलं? मला मीठ कमी पडत होतं. डॉक्टरला काय कळतंय!"

त्या दिवसापासून अदलाबदल ही चोरी राहिली नाही, उपचार झाला. धोक्याची घंटा वाजली होती. ऐकणाऱ्यांनी ती जेवणाची समजली, आणि तिचा टोल माझ्या झाकणावर पडला होता.

शहाऐंशीच्या जूनमध्ये क्षमाचा बी.एस्सी.चा निकाल लागला. सकाळी दहाला ती कॉलेजातून पळतच घरी आली. फर्स्ट क्लास! मयेकरांच्या घराण्यात पहिली पदवी. तिने येताना दोन पेढे आणले होते. एक देवापुढे ठेवला आणि दुसरा माझ्या वरच्या पुडात, भातावर, गोळीच्या पुडीशेजारी.

"झाकण उघडलं की कळेल त्यांना," ती आईला म्हणाली. शेवंतीमावशीच्या टोपलीत तिने मला स्वतः ठेवलं.

त्या दुपारी जेवणाच्या वेळी प्रेस अडकला. दत्ताराम तिथूनच ओरडले, "कुंडलिक, तू खाऊन घे रे माझा!" कुंडलिकने गोळीची पुडी त्यांच्यासाठी बाजूला ठेवली, पेढा बघितला, खुशीने तोंडात टाकला. मला धुताना तो म्हणाला, "वहिनींना सांग, गोड झकास होतं." बाकीच्या मशीनच्या आवाजात दत्तारामांनी नुसता हात हलवला.

संध्याकाळी क्षमा दारातच उभी. ते आले, पिशवी दिली, चपला काढल्या, पाय धुतले, चहा घेतला. ती बघत राहिली. मग त्यांनी बशी खाली ठेवली आणि प्रेमानेच विचारलं, "काय गं क्षमा, निकाल कधी लागतोय तुमचा?"

क्षमाने मला पिशवीतून बाहेर काढलं आणि झाकण उघडलं. मी चकचकीत रिकामा होतो.

"आज डब्यात काय होतं, बाबा?"

"नेहमीचंच की. भाजी, पोळी."

"कसली भाजी?"

त्यांना सांगता येईना.

"पेढा होता बाबा! माझ्या फर्स्ट क्लासचा! कुणी खाल्ला तो? किती दिवस चाललंय हे?"

"आवाज खाली कर. बापाशी बोलतेस."

"बापाशीच बोलतेय! शेजाऱ्याच्या बापाचं बीपी मला काय करायचंय?"

"माका काय्येक जाला नाय," ते पुटपुटले. "अळणी खावन माणूस जगता काय गो?"

सुगंधाबाईंनी मात्र मला उचललं, आपल्या कोरलेल्या नावावरून अंगठा फिरवला आणि मोरीत नेऊन घासायला लागल्या. मी स्वच्छ होतो, तरी घासत राहिल्या. त्यांच्या त्या घासण्याने मला जे वाटलं, ते क्षमाच्या ओरडण्यानेही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेवंतीमावशीबरोबर क्षमा स्वतः गाळ्यावर आली. कुंडलिकला तिने फाटकापाशीच गाठलं.

"काका, तुम्ही माझ्या बाबांचं औषध खाताय."

तो आधी हसला. मग तिने त्याला सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंचे आकडेही. "आणि चक्कर आली, जीभ जड झाली, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात चालेना, तर मीठ पाजू नका. पाणीसुद्धा नको. थेट इस्पितळ." कुंडलिकने मान खाली घातली. "पोरी, दुखणं एवढं मोठं हाय हे मला खरंच ठाऊक नव्हतं. मला वाटलं, नुसती चव नाही म्हणून देतोय."

त्यानंतर आठ दिवस दत्तारामांनी मला स्वतः उघडलं. अळणी भाजी खाल्ली, गोळी घेतली. मी रिकामा घरी गेलो, तेव्हा त्या आठ संध्याकाळी मी खरं बोललो. पण चौदा महिन्यांची उधळपट्टी आठ दिवसांत भरून निघत नाही.

नवव्या दिवशी माझी कडी काढताना त्यांचा उजवा हात घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. "क... कडी..." ते म्हणाले. शब्द चिकट झाले होते. ओठाचा कोपरा खाली ओढला गेला.

"लो झालं!" धोंडू ओरडला. त्याने कडी काढून माझं झाकण हिसकावलं आणि मिठाच्या पुडीकडे हात नेला.

"मीठ नको!" कुंडलिकने त्याच्या हातावर असा फटका मारला की झाकण उडून प्रेसच्या पायावर आपटलं. "रिक्षा बोलवा! आत्ता!"

माझा पोचा तेव्हाचा. माझ्या अंगावर अभिमान वाटावा अशी ही एकच जागा.

दत्ताराम वाचले. उशीर आणखी झाला असता तर वाचले नसते, असं इस्पितळात सांगितलं. उजवा हात मात्र पूर्ण परत आला नाही. ज्या हाताने मला घडवलं, त्याला माझी कडी उघडता येत नाही. आता ते घरीच असतात आणि डाव्या हाताने जेवतात. क्षमा नोकरीला जाते, पण निघण्यापूर्वी गोळी माझ्या पोच्यात ठेवते. ती तिथे बरोबर बसते. ते ती सगळ्यांसमोर घेतात आणि दर महिन्याला दंडाला पट्टा बांधून येतात. कुंडलिक रविवारी येतो, सुगंधाबाई त्याला अळणी भाजी वाढतात. अजून त्याला तीच बरी पडते.

मला कुणी दोष देत नाही. डब्याला कोण देणार? म्हणून मीच घेतो.

तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा असेल. तो हलका आला म्हणून हुरळून जाऊ नका. समोर बसून विचारा, आज भाजी कसली होती? आणि डबा नेणाऱ्यांनो, अळणी नाही गेलं तर नाही गेलं. तसाच भरलेला मला घरी पाठवा. भांडण होईल, रडारड होईल. पण माझ्या वजनाने घरी खरं पोचेल.