पोरीची जागा

मी माणूस मोजमापाचा. जळालेली मोटर उघडली की आतल्या तारेचे वेढे मोजतो आणि तेवढेच पुन्हा भरतो; एक कमी नाही, एक जास्त नाही. मारेगावात पंचवीस वर्षं भाड्याच्या खोलीत हे वाइंडिंगचं काम केलं. खोली सोडायची वेळ आली तेव्हा ठरवलं, आता घरामागच्या परसात स्वतःचं शेड बांधायचं. चौदा बाय दहा, सहा लोखंडी पाइप, वर टिन आणि पूर्वेला मोठी खिडकी, कारण बारीक तारेला ट्यूबलाइटचा उजेड चालत नाही.

चुना टाकून आखणी केली. माझी बायको सत्यभामा मागच्या दारात उभी राहून बघत होती.

"बांधा," ती म्हणाली. "फक्त पोरीची जागा सोडजा. तुमाले तं माहीतच आहे."

हातातला चुन्याचा डबा हातातच राहिला. एकतीस वर्षांत हा विषय ती पहिल्यांदा काढत होती. आणि ती जागा मला माहीत नव्हती. मी तिच्याशी खोटं बोललो होतो, इतकं साधं आहे ते.

आमची पहिली मुलगी एक दिवस जगली. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. नाल्याला पूर होता, पलीकडे स्मशानात जाता येत नव्हतं, म्हणून बाबांनी परसातच पुरायचं ठरवलं आणि मला हाक मारली. मी पुढच्या दाराने निघून गेलो. दिवसभर एसटी स्टँडवर बसून राहिलो. चोवीस वर्षांचा घोडा, आणि भ्यालो. संध्याकाळी घरी आलो तर सत्यभामाने खाटेवरून विचारलं, "कुठं ठेवलं तिले?" मी म्हणालो, "परसात. माह्या हातानं ठेवलं." बाबा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं आणि मान खाली घातली. मरेपर्यंत त्यावरून मला एक शब्द बोलले नाहीत. एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून सत्यभामाने परसात कधी उकळतं पाणी फेकलं नाही. भाताची पेजसुद्धा निवली की मगच बाहेर ओतायची. कुठे खुंटी ठोकली नाही की आळं खणलं नाही. मला वाटायचं, बाई जरा जास्तच करते. आता कळलं. नेमकी जागा माहीत नसल्यामुळे तिच्या लेखी अख्खं परसच ती जागा होती.

"सांगा नं," ती म्हणाली.

खरं सांगायची वेळ तीच होती. मी सीताफळाच्या झाडाखाली बोट दाखवलं. शेडला तो कोपरा लागणार नव्हता, एवढाच विचार केला मी.

गवंडी उत्तमसिंग जवळच्या तांड्यावरचा. त्याच्या हाती दुसरीकडचं काम होतं, तो पंधरा दिवसांनी येणार होता. तोवर मी परसातच ताडपत्रीखाली बसलो. दिवाळीनंतर गहू-हरभऱ्याचं ओलीत सुरू झालं की मोटरी जळतात. काम तुंबलं होतं.

सत्यभामाने सीताफळाखाली तुळस लावली. दुपारची भांडी आटोपली की तिथे जाऊन बसायची. पहिल्या दिवशी मी तपासायला लावलेली मोटर बंद केली, तर अंगाई ऐकू आली. मी मोटर पुन्हा सुरू केली.

तिसऱ्या दिवशी ती कुणाला तरी घास भरवत होती. आठवड्याने, "वेणी घालू दे, हालू नको. शाळेले उशीर होऊन राह्यला." दहाव्या दिवशी पोर कॉलेजात होती आणि घरी उशिरा आली म्हणून बोलणी खात होती. मध्येच सत्यभामा थांबायची, समोरून उत्तर येण्याइतकी, आणि मग त्या उत्तरावर हसायची. वेढे मोजताना आकडा चुकायला लागला. एकदा वळून पाहिलं, तर ती जरा सरकून बसली होती, शेजारी एका माणसाला जागा होईल एवढी.

आणि तिचा चेहरा! इतकी सुखी मी तिला आमच्या लग्नातही पाहिली नव्हती. आता हिला सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? चौदाव्या दिवशी पोरीला यवतमाळचं स्थळ आलं होतं.

पंधराव्या दिवशी उत्तमसिंग आला. पाइपांसाठी खणलेल्या प्रत्येक खड्ड्यावर मी वाकून उभा. तो वैतागला. "घनश्यामभाऊ, सोनं नाही निघत इथं. काहून एवढं पाहून राह्यले?"

तिसऱ्या खड्ड्यात, हातभर खाली, त्याची सबल, म्हणजे पहार, खणकन वाजली. माती सारली तर काळा सपाट दगड, त्यावर टाकी लावल्याच्या खुणा. पाटा होता तो. माझ्या आईचा. त्या पावसाळ्यात घरात नवा पाटा आला होता, आणि जुना कुठे गेला हे मी कधी विचारलं नव्हतं. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर जड दगड ठेवतात. बाबांनी तो एकट्याने उचलून आणला होता.

"काढू का?"

"हात लावू नको," मी म्हणालो.

त्यावरच पाइप उभा करून सिमेंट ओतलं असतं, तर कुणालाही कळलं नसतं. 'राहू दे तसाच' हे शब्द तोंडापर्यंत आले होते. पण खाली माझी मुलगी होती. तिच्या छातीवर पाइप रोवून त्याच टिनाखाली जन्मभर तारा मोजत बसणं मला जमलं नसतं. मी सत्यभामाला हाक मारली आणि सगळं सांगितलं. स्टँड, बाबा, सीताफळ, काही ठेवलं नाही. उत्तमसिंग सबल टाकून बाहेर निघून गेला.

तिने पाट्याकडे बघितलं. रडली नाही, मला शिवी दिली नाही. मग वळून तुळशीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मंग हे पंधरा दिवस मी कोणाले वाढवलं?"



ती तुळशीपाशी गेली आणि रोजच्यासारखी, जरा सरकून बसली. कुणाच्या तरी पाठीवरून फिरवावा तसा तिचा हात फिरत होता. "भिऊ नको माय," ती हळूच म्हणाली. "तुले कोणी नाही काढत."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हिले मी नाही सोडत. तिच्यापाशी आता तुमी बसा. तिच्यापाशी आजवर कोणीच नाही बसलं."

मी खड्ड्याच्या काठावर बसलो. पाट्यावर हात ठेवला. तो थंडगार होता. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तिला हाक मारायला माझ्याकडे नावच नव्हतं.