ओढ्याकाठची पट्टी

थोरलीचा धाकट्या भावावर भारी जीव. त्याला पामवाल्यांच्या गटाचा प्रमुख तिनेच केलं. दारोदार फिरून म्हणाली, "माझा भाऊ आहे, डोळे झाकून विश्वास ठेवा." डोळे झाकले ते तिने एकटीनेच, हे पुढे कळायचं होतं.

गटाचा नियम साधा होता. ओढ्याकाठचं एकही झाड तोडायचं नाही. पाळला, तर तेलगिरणी सगळ्यांचे पामचे घड चढ्या भावाने घेणार. मोडला, तर मोडणारा बाहेर. आणि प्रमुखानेच मोडला, तर अख्खा गट बाहेर. मग माल विचारतो कोण? पामचा घड काय घरी शिजवून खायचा?

गिरणीच्या तपासणीसबाई आल्या तेव्हा थोरली घड उतरवत होती. हाक ऐकून कोयता हातातच घेऊन ओढ्यावर गेली. सगळा गट जमलेला. भावाबहिणीच्या सामाईक पट्टीतली जुनी झाडं गायब, नुसते बुडखे उरलेले, आणि त्यांच्यामधून पामची कोवळी रोपं! गेले काही महिने धाकटा सांगत होता, "ताई, तिकडे गांधीलमाश्यांचं पोळं आहे, जाऊ नकोस."

"हे कोणी केलं?" बाईंनी विचारलं.

"ताईनं," धाकटा म्हणाला. "मी नको नको म्हणत होतो."

किती सहज! चहात साखर कमी पडली म्हणावं तसं.

"मेल्या, केसानं गळा कापलास की रे!" थोरली ओरडली. "बाई, ही रोपं याची. मला इकडे फिरकूही दिलं नाही." ती शेजारणीकडे वळली. शेजारणीचं शेत समोरच्याच काठावर होतं. "तू तरी सांग गं!"

शेजारणीने जवळ येऊन तिचा हात धरला. "ताई, प्रमुखच अडकला तर सगळेच बुडू. आमच्या पदरी लेकरं आहेत. तू काय, एकटा जीव. घे ना अंगावर," ती हळूच म्हणाली.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. तिलाच तेवढं नव्हतं.

धाकटा पुढे झाला. "घाबरू नकोस. तुझे घड मी माझ्या नावावर घालीन." आवाजात माया होती, आणि तीच तिला सोसवेना.

"झाडावर सडले तरी चालतील. तू हात लावायचा नाहीस." ती बाईंना म्हणाली, "यानं तोडली. यांनी सगळ्यांनी पाहिलंय. विचारा."

बाईंनी विचारलं. कोणीच काही पाहिलं नव्हतं.

मग बाईंनी नियम मोडणाऱ्याच्या रकान्यात लिहायला तिचं पूर्ण नाव विचारलं. तेही धाकट्यानेच सांगितलं.