नवे फाटके स्वेटर

"बाई, हे सहा स्वेटर शुक्रवारपर्यंत फाडून द्या," मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी टेबलावरचं खोकं पुढे सरकवलं.

शिवणबाईंनी खोक्यात डोकावून पाहिलं. स्वेटर कोरे करकरीत होते. निळे, घडी न मोडलेले, एकेक आपापल्या प्लास्टिकच्या पिशवीत.

"फाडून?"

"नीट फाडून. एका कोपराला भोक, खालची किनार थोडी उसवलेली, एखादं बटण गेलेलं. गळ्यापाशी काही नको, असभ्य दिसतं."

"पण ट्रंकेत आहेत ना फाटके स्वेटर?"

"त्यांना कसर लागली. फाटले ते."

"ते फाटकेच होते, मोठ्या बाई."

"होते, पण व्यवस्थित फाटलेले होते. आता कसेही फाटलेत. काल एक उचलला तर नुसती बटणपट्टी हातात आली. पाहुण्यांपुढे बरं दिसतं का ते?"

शिवणबाई या शाळेत मुलींना रफू शिकवायच्या. कापडाला भोक पडलं की त्याचा घरात शिरलेल्या सापासारखा ताबडतोब बंदोबस्त करायचा, असं त्यांचं मत होतं आणि ते त्या पाचवीपासून दहावीपर्यंत सगळ्यांच्या गळी उतरवत. आज त्यांना वरिष्ठांकडून साप सोडायची ऑर्डर मिळाली होती. त्यांनी खोकं उचललं. नोकरी होती.

वाचकहो, ही शाळा मुलींची, ख्रिस्ती संस्थेची. काही मुली सकाळी येऊन संध्याकाळी घरी जात, काही बोर्डिंगमध्ये राहत. सरकारी अनुदान नाही, सगळा कारभार फी आणि देणग्यांवर. शाळेच्या माहितीपत्रकात दुसऱ्याच पानावर ठळक छापलं होतं, 'गणवेशात आमच्या सर्व मुली समान.' आणि खरंच होत्या. वर्षभर कोण फी भरतं आणि कोण नाही, हे कपड्यांवरून देवालाही ओळखता आलं नसतं. वर्षातून एक दिवस मात्र ओळखता यावं अशी खास सोय होती. त्या दिवसाचं नाव 'आभारदिन'.

बोर्डिंगमधल्या सहा मुलींची फी देणगीदार भरत. त्यांना 'फुकट शिकणाऱ्या मुली' म्हणणं बरं दिसेना, म्हणून संस्थेने त्यांना 'आशीर्वाद-विद्यार्थिनी' असं नाव दिलं होतं. एवढं लांब नाव वर्गात कोण घेणार? मुली त्यांना 'आशी' म्हणायच्या आणि ते कसं म्हणायचं, हे मुलींना बरोबर ठाऊक होतं. आभारदिनी या सहाजणी फाटके स्वेटर घालून स्टेजवर उभ्या राहत, हात जोडून आभार मानत, टाळ्या होत. मग स्वेटर डांबराच्या गोळ्यांसकट ट्रंकेत आणि मुली आपापल्या धडक्या स्वेटरमध्ये परत. गरिबीला इतकी शिस्त क्वचितच असते.

यंदा सहाजणींत टाचणी होती. दहावीतली. अंगाने बारीक, बोलायला टोकदार, म्हणून टाचणी. शाळेत तिच्यासारखी भाषण करणारी दुसरी मुलगी नव्हती आणि नेमकी तिथेच पंचाईत झाली.

माप द्यायला ती शिवणाच्या वर्गात आली तेव्हा शिवणबाई कात्री हातात घेऊन स्वेटरकडे नुसत्या बघत बसल्या होत्या.

"बाई, स्वागताचं भाषण मलाच करायचंय," टाचणी म्हणाली.

"माहीत आहे."

"आणि आभारही मलाच मानायचेत. फाटक्यात."

"तेही माहीत आहे."

"मोठ्या बाई म्हणाल्या, मध्ये गीत आहे, तेवढ्यात पडद्यामागे कपडे बदल. मी विचारलं, लोकांनी ओळखलं तर? तर म्हणाल्या, वेणी सोडून ठेव." टाचणी स्टुलावर बसली. "म्हणजे आधी मी शाळेची हुशार मुलगी. मग एक गाणं. मग मीच शाळेची गरीब मुलगी. बाई, गाणं दोन कडव्यांचं आहे. दोन कडव्यांत माणूस इतका खाली येतो?"

शिवणबाईंना हसू आलं आणि आल्याआल्या गेलं.

"मी नाही घालणार," टाचणी म्हणाली.

"असं बोलू नकोस. जी स्टेजवर नाही, ती पुढच्या वर्षीच्या यादीत नाही. ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. यादीत नाव नाही तर बोर्डिंग नाही, आणि बोर्डिंग नाही तर टाचणीला मावशीकडे जावं लागणार होतं. मावशी प्रेमळ होती. तिने भाचीसाठी बिस्किटांच्या कारखान्यात डबे बंद करण्याचं काम आधीच बोलून ठेवलं होतं. टाचणीला दहावीनंतर इथेच राहून अकरावीला विज्ञान घ्यायचं होतं.

"घालीन मग," ती म्हणाली. "पण बाई, भोक डाव्या कोपराला पाडा. उजव्या हाताने माइक धरते मी."

ती गेली. शिवणबाईंनी कात्री चालवली. लोकर तुटताना आवाज होत नाही, तरी त्यांना तो ऐकू आला. तळपायाची आग मस्तकात गेली. राग मोठ्या बाईंचा होता, देणगीदारांचा होता, आणि सगळ्यात जास्त त्या कात्री धरलेल्या हाताचा होता. इतकी वर्षं ट्रंकेतले स्वेटर आभारदिनाच्या आदल्या दिवशी उन्हात घालणारा हातही हाच होता.

त्या तशाच चॅपलमध्ये गेल्या. पाळकसाहेब बाकांवर गीतपुस्तकं मांडत होते. म्हातारे झाले होते, एका कानाने कमी ऐकायचे, पण कुठला कान ते सोयीने ठरवायचे.

"साहेब, धडधाकट स्वेटर फाडून मुलींना घालायचे, याला काय म्हणायचं?"

"नाटक," पाळकसाहेब म्हणाले. "फक्त नाटकात नटाला विचारतात, काम करशील का म्हणून."

"मोठ्या बाई म्हणतात, देणाऱ्याला कळायला नको का, आपलं दान कुठे जातं?"

"कळायला हवंच. त्याला पावती द्या, हिशेब द्या, परीक्षेचे निकाल द्या. मुलगी कशाला देता? मुलगी म्हणजे पावती आहे का?" त्यांनी पुस्तक बाकावर आपटलं. "या इमारतीत आपण मुलींना देवापुढे गुडघे टेकायला शिकवतो, बाई. देणगीदारापुढे नाही. हे दोघे वेगळे आहेत, एवढं तरी शाळेने शिकवावं!"

"मग इतकी वर्षं तुम्ही गप्प का?"

पाळकसाहेबांनी बराच वेळ पुस्तकं सरळ केली. ती सरळच होती.

"मला दुसऱ्या रांगेत बसवतात," ते शेवटी म्हणाले. "आणि नंतर केक असतो. दरवर्षी मी तो खाल्ला, बाई. चांगला असतो."

शुक्रवारी सभागृह भरलं. पुढच्या रांगेत देणगीदार आणि त्यांच्या मधोमध टायरवाले काका. त्यांचा टायरचा कारखाना होता आणि सहापैकी तीन मुलींची फी तेच भरत. त्यांच्यापुढे सतरंजीवर पहिली-दुसरीच्या मुली मांडी घालून बसल्या होत्या.

टाचणीने स्वागताचं भाषण केलं. असं केलं, की टायरवाले काका शेजाऱ्याला म्हणाले, "ही पोरगी कुणाची हो? पुढे जाणार!"

मग गीत. दोन कडवी झाली, पडदा हलेना. स्वेटरचं बटण अडकलं असावं. गाणाऱ्या मुलींनी पहिलं कडवं पुन्हा घेतलं, मग दुसरं पुन्हा घेतलं. देणगीदार माना डोलवत राहिले. शेवटी पडदा उघडला आणि सहाजणी ओळीत उभ्या दिसल्या. टाचणीची वेणी सोडलेली होती. टायरवाल्या काकांनी तिला ओळखलं नाही. कपडे काय करू शकतात बघा!

त्यांनी मोबाइल काढला, उठून स्टेजच्या कडेला गेले आणि प्रेमाने म्हणाले, "बाळ, कोपर जरा इकडे कर. नीट दिसत नाहीये."

टाचणीने कोपर पुढे केलं.

बास! शिवणबाई मागच्या खुर्चीवरून उठल्या. पर्समध्ये जाड सुई आणि निळी लोकर त्यांच्याकडे बाराही महिने असे. त्या तडक स्टेजवर चढल्या, टाचणीचा हात आपल्या हातात घेतला आणि भोक रफू करायला लागल्या. भर सभेत.

"बाई, खाली या!" मोठ्या बाई दातांतल्या दातांत म्हणाल्या.

"टाका अर्धा टाकून उठत नसतात, मोठ्या बाई."

टायरवाले काका मोबाइल धरून तसेच उभे. "अहो, पण हे फाटलं कसं?"

"कात्रीनं."

"कुणी फाडलं?"

"मी. मंगळवारी. ऑफिसची ऑर्डर होती. साही कोरे होते, पिशवीतले."

सभागृहात कुणीतरी हसलं. मग कुणी हसेना.

"म्हणजे आम्हाला फसवलं?" काकांचा चेहरा लाल झाला.

मोठ्या बाई ताडकन उभ्या राहिल्या. "तुम्हीच म्हणाला होतात! पहिल्या वर्षी. मुली फार टापटीप दिसतात, यांना मदतीची गरज आहे असं वाटत नाही, असं कोण म्हणालं होतं?"

"मी सहज म्हणालो होतो!"

काका सहज म्हणाले होते. मोठ्या बाईंनी सहज ट्रंक भरली होती. शिवणबाईंनी सहज स्वेटर उन्हात घातले होते, पाळकसाहेबांनी सहज केक खाल्ला होता. इतक्या सगळ्यांच्या सहजपणात मुली मात्र दरवर्षी फाटक्यात उभ्या होत्या!

टाचणीने मोकळ्या हाताने माइक ओढला.

"काका, आभार मी मनापासून मानते. तुमच्यामुळे शिकतेय, ते विसरणार नाही. पण आभार अख्ख्या बाहीतूनही मानता येतात. मघाशी तुम्ही विचारलंत ना, ही पोरगी कुणाची? ती मीच. मी शिकतेय हे तुम्हाला बघायचंय, की मी गरीब आहे हे? एकदा काय ते ठरवा. दोन्ही दाखवायचं तर कपडे बदलायला मला वेळ पुरत नाही. आणि यासाठी यादीतून नाव काढायचं असेल तर काढा. मी डबे बंद करीन. पण असं पुन्हा उभी राहणार नाही!"

पाळकसाहेब दुसऱ्या रांगेतून उठले आणि स्टेजवर जाऊन उरलेल्या पाच मुलींच्या ओळीत उभे राहिले. बोलले काही नाहीत. वास्तविक त्यांचं भाषण फार चांगलं व्हायचं.

मोठ्या बाई माइककडे निघाल्या. त्या काय बोलणार होत्या देव जाणे, कारण तेवढ्यात सतरंजीवरून पहिलीतली एक चिमुरडी हात वर करून मोठ्याने म्हणाली, "बाई, माझ्या दप्तराचा बंद तुटलाय. मी पण येऊ का टाळ्यांना?"

मोठ्या बाई जागीच थांबल्या. त्या मुळात हाडाच्या शिक्षिका होत्या. मुलीने धडा कुठे आणि कसा घेतला, हे त्यांना लगेच कळायचं. या पोरीने धडा पूर्ण घेतला होता. जवळ फाटकं काहीतरी असलं पाहिजे, ते मोठ्यांना दाखवलं पाहिजे, मग मोठे टाळ्या वाजवतात. शाळा हे शिकवत होती. पहिलीपासून. फी घेऊन!

त्या माइकपाशी गेल्या.

"चूक शाळेची आहे. म्हणजे माझी," त्या म्हणाल्या. "मी या मुलींची क्षमा मागते. यादीतलं कुणाचंही नाव निघणार नाही, हे मी सगळ्यांसमोर सांगते. देणगी कमी पडली तर मी दारोदार फिरेन. मी फिरेन, मुली नाही! आणि हा दिवस आजपासून बंद." मग टायरवाल्या काकांकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला बघायचंच असेल तर कुठल्याही साध्या दिवशी या आणि वर्गात मागच्या बाकावर बसा. तिथून शिक्षण दिसतं."

दोन देणगीदार त्याच संध्याकाळी कायमचे गेले. टायरवाले काका राहिले. रागावून राहिले, पण राहिले. पुढच्या महिन्यात खरंच येऊन मागच्या बाकावर बसले, त्रिकोणमितीच्या तासाला झोपले आणि गणिताच्या बाईंनी त्यांना उभं केलं. 'आशीर्वाद-विद्यार्थिनी' हे नाव बंद झालं. त्या मुलींना आता नुसतं 'मुली' म्हणतात. टाचणीने विज्ञान घेतलं आणि मावशीने कारखान्यात निरोप धाडला, की दुसरं कुणीतरी बघा.

वाचकहो, आपण सगळेच कधी ना कधी कुणाला काही देतो. वह्या देतो, ब्लँकेट देतो, फी भरतो. चांगलं करतो. पण दिल्यावर समोरच्याला रांगेत उभं करतो, मान खाली घालायला लावतो, 'हसा जरा' म्हणतो आणि मोबाइल काढतो. त्या क्षणी आपण दिलेलं सगळं परत घेतो आणि वर त्याची अब्रूही घेऊन जातो. मदत ही माणसाला ताठ उभं करायला असते. जिने तो वाकतो तिला मदत म्हणायचं नाही, तिला चोरी म्हणायचं! आणि इतकं वाचूनही फोटोची हौस फिटत नसेल, तर कॅमेरा आपल्याकडे वळवा आणि देतानाचा स्वतःचा चेहरा एकदा नीट बघून घ्या.